गडी शिकवूनच पाठवायचा

आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. मी हे लपवत नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील मोहोळच्या मार्केटात हमाल होते. आई लोकांच्या रानात खुरपायला, कांदे काटायला जायची. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे, म्हणून मी अभ्यास शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर करायची. गिरणीच्या घरघरीत वाचायची इतकी सवय झाली होती की परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेत मला काही सुचायचं नाही. मी बारावीला असताना वडिलांची पाठ पोत्याखाली गेली आणि सहा महिने ते उताणे पडून राहिले. ते वर्ष आम्ही आईच्या हजेरीवर काढलं. धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत होता. आई सकाळी रानात जाताना त्याला सांगून जायची, "ताईला हाक मारू नगं, ती वाचत्याय." ती काय वाचते ते दोघांनाही कळत नव्हतं.

मी सोलापूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, रोज एसटीनं जाऊन येऊन. कॉलेजात एका कॉम्प्युटरपुढे तिघी बसायचो आणि तो तिसरीपर्यंत यायचा तेव्हा लाइट गेलेली असायची. डिग्रीचं प्रमाणपत्र वडिलांनी सगळ्या मार्केटला फिरवून दाखवलं आणि परत आणलं तेव्हा त्याच्यावर चहाचा डाग होता. त्यांना आई लई बोलली. मला काही वाटलं नाही. ज्यांनी बघायला पाहिजे त्यांनी बघितलं होतं.

मग सोलापुरातच सात रस्त्याजवळच्या एका खाजगी डेअरीच्या मुख्य ऑफिसात मी अकरा महिन्यांच्या करारावर लागले. जिल्ह्यातल्या गावोगाव डेअरीची संकलन केंद्रं होती. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध आणून घालणार, केंद्रावरचा कॉम्प्युटर वजन आणि फॅट घेणार आणि प्रत्येकाच्या नावाची पावती काढून देणार. त्या कॉम्प्युटरांची सगळी जबाबदारी एका माणसावर होती. त्यांना ऑफिसातले शिपायापासून मालकापर्यंत सगळे अप्पा म्हणायचे.

अप्पा अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. मोजायचं असलं की हमखास कानडी. ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु असं पुटपुटत खोकी मोजायचे आणि मध्येच कुणी मराठीत काही विचारलं तर पहिल्यापासून सुरू करायचे. पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. सही करायला पेन मागून घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. दुधाच्या कंपनीत नोकरी करून हा माणूस कोरा चहा प्यायचा. का, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "हलवायानं जिलेबी खाल्लेली बघितलीस का कवा?"

कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणावं तर त्यांना काहीच नव्हतं. आयटीआय करून ते फॅटची मशीनं दुरुस्त करायला डेअरीत आले आणि कॉम्प्युटर आले तेव्हा "हे बी मशीनच की" म्हणून पुढं झाले. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय शिकलीयास?"

"बी.एस्सी. कॉम्प्युटर," मी जरा ठसक्यातच म्हटलं.

"बरं. आता काय येत न्हाय ते सांग."

मला काही सांगता येईना. ते म्हणाले, "संध्याकाळपतोर इचार कर. काय येत न्हाय ते ज्याला म्हाईत न्हाय, त्याला काय येतंय ते बी म्हाईत नसतंय." आणि माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन निघून गेले. संध्याकाळी मी खरंच यादी करून नेली. दीड पान झालं. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ये तंगी उद्यापासनं." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यानंतर माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

अप्पा चांगले होते, पण गोड नव्हते. चारचौघांत ओरडायचे. शाब्बास हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. काम बरोबर झालं तर "हं" म्हणायचे, आणि ते "हं" ऐकायला आम्ही दिवसभर राबायचो. "झालं" या शब्दाचा त्यांना राग होता. आपण "झालं, अप्पा" म्हटलं की ते म्हणायचे, "झालं म्हणजे कुणी बघितलं?" मी बघितलं म्हटलं तर, "तूच केलंस आन् तूच बघितलंस? मंग ते झालं न्हाय, तुला झालंसं वाटलंय."

कॉम्प्युटरला ते कधी कॉम्प्युटर म्हणत नसत. गडी म्हणत. "सांगोल्याचा गडी आज उठला न्हाय." "करमाळ्याला नवा गडी पाठवायचाय." आणि नवा गडी पाठवायचा म्हणजे तेव्हा मोठं काम असायचं. खोकी पुण्याहून आमच्या हॉलमध्ये यायची. करारावरचे आम्ही चौघं ती फोडायचो. आत विक्रेत्यानं भरून दिलेलं नको ते असायचं, चार जाहिराती, दोन खेळ आणि महिन्याभरानं पैसे मागणारं व्हायरसचं औषध. ते सगळं काढायचं, मग आपला डेअरीचा प्रोग्रॅम, फॅटच्या मशीनची जोडणी, मराठी फाँट, प्रिंटर, घड्याळ असं एकेक बसवायचं. एका गड्याला जवळजवळ अख्खा दिवस जायचा. अप्पांनी त्याच्या शेहेचाळीस पायऱ्या लिहून भिंतीवर लावल्या होत्या आणि आम्ही त्या मोठ्यानं म्हणत काम करायचो. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथं काहीतरी पारायण चाललंय.

एवढं करूनही चुका व्हायच्या, आणि प्रत्येकाची चूक ठरलेली. केंद्रावरून फोन आला की पावतीवर चौकोन चौकोन येतात, तर अप्पा फोनवर हात ठेवून हॉलकडे वळायचे, "फाँट. म्हणजे तंगी, ह्यो तुझा गडी." वेळ चुकीची येतेय म्हटलं की, "घड्याळ. दाढीवाल्याचा हाय." दाढीवाला म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात तोंडाळ पोरगा. मग ज्याची चूक त्यानं एसटीनं त्या गावाला जायचं. मी फाँटपायी अख्खा जिल्हा बघितला.

निवृत्त झाल्यावर अप्पा जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. मी मागच्या दिवाळीत गेले होते. बघते तर मिक्सर, गीझर, पंखा, सगळ्याला चिकटपट्टीवर चिठ्ठ्या. कधी उघडला, काय बदललं, कुणी बघितलं. त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि म्हणाल्या, "बघ की गं. आता माझ्या कपाळाला तेवढी चिठ्ठी डकवायची राहिलीय."

अप्पा शांतपणे म्हणाले, "तुला कुटं उघडता येतंय?"

तर आता त्या चाळीस गड्यांची गोष्ट. एक वर्ष डेअरीनं चाळीस केंद्रांचे कॉम्प्युटर एकदम बदलायचे ठरवले. चाळीस गडी, चौघांचे हात, त्यातले दोघं-तिघं कायम दुरुस्तीला गावोगाव, हिशेब केला तर दोन महिने हॉलमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नसती. अप्पांनी एक नवा कॉम्प्युटर आणला, कोपऱ्यात मांडला, त्याच्यावर घरचा सोलापुरी टॉवेल टाकला आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तीन आठवडे त्या एकाच यंत्रावर त्यांनी सगळ्या पायऱ्या केल्या, पुसल्या, परत केल्या. मग त्या सगळ्याची जशीच्या तशी एक नक्कल घेतली. तिला इमेज म्हणतात. अप्पा विरजण म्हणायचे. "ही पुण्याला द्यायची. तितं गोडाऊनमदीच त्यांनी चाळीस मशीनांत ही घालायची, खोकी बंद करायची आन् गाडी डायरेक गावाला. केंद्रावरच्यानं खोकं फोडायचं, तीन वायरी लावायच्या, दूध घालायचं. गडी शिकवूनच पाठवायचा. रानात गेल्यावर काय शिकवायचं त्याला?"

पुण्याचा विक्रेता सोलापूरला आला तेव्हा त्याला हे पटेना. "काका, आम्ही सगळं टाकूनच देतो ना मशीन."

"तुमचं काढण्यातच माझा अर्धा दीस जातोय. तुमचं नको. आमचं टाका आन् गप पाठवा."

"प्रत्येक मशीनमध्ये तुमचं टाकायचं म्हणजे..."

"म्हणजे काय? चार सुगरणींनी चार भाज्या केल्या तर चार चवी. घरात चालतंय, डेअरीत चालत न्हाय. आमच्या पिशवीतलं दूध बार्शीत एक आन् मंगळवेढ्यात एक लागतंय का?"

विक्रेत्यानं शेवटी मान डोलावली. आम्ही चौघं दारात उभे राहून ऐकत होतो आणि आमचा हिशेब दुसराच चालला होता. दाढीवाला बाहेर येऊन म्हणाला, "कळलं का? गडी शिकूनच येणार. मग आपण काय करणार, टॉवेल झटकणार? अप्पानं आपल्याच पोटावर पाय दिला."

माझा दरवर्षी नव्यानं होणारा करार मार्चला संपत होता. भाऊ नुकताच इंजिनिअरिंगला लागला होता, वडिलांकडून आता पोतं उचलवत नव्हतं. घर माझ्यावर होतं. मी सरळ अप्पांकडे गेले आणि विचारलं, "अप्पा, आमचं काय होणार?"

त्यांनी वर बघितलं नाही. "ते बगू," म्हणाले. एवढंच. मला त्या दिवशी त्यांचा लई राग आला.

पण इमेजची शेवटची चाचणी त्यांनी मलाच करायला दिली. चाचणीबद्दल त्यांचा एक नियम होता. एबीसी, टेस्ट, एक्सवायझेड असलं काही टाइप करायचं नाही. खऱ्या माणसाचं खरं नाव घालायचं. "मशीन जोडाक्षराला अडखळतंय. एबीसीत कुटं जोडाक्षर हाय? खरं नाव घातल्याबिगर गडी खरं बोलत न्हाय." मी एक नंबरच्या खात्यावर आईचं नाव घातलं. शालन दगडू, पुढं आडनाव. त्या आडनावात चांगलं जोडाक्षर आहे. पावती काढली. नाव सुंदर आलं, फाँट एकदम बरोबर. आईचं नाव असं पावतीवर छापलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हजेरीपटावर तिचा नुसता अंगठा असायचा.

शेवटून दुसरी पायरी होती, चाचणीतली नावं पुसणे, आणि शेवटची, पुण्याला पाठवायची पक्की नक्कल घेणे. मी पावतीकडे बघत बसले, मोहोळची एसटी सुटायला आली, आणि मी घाईनं नक्कल घेऊन दोन्ही पायऱ्यांपुढं खूण केली. पुसलं मात्र नाही.

आधी सहा केंद्रांवर प्रयोग करायचा ठरलं होतं. पुण्याहून सहा खोकी थेट सहा गावांना गेली. केंद्रवाल्यांनी नारळ फोडले, कुंकू लावलं, वायरी लावल्या, आणि पहिल्या सकाळी माढ्याकडच्या एका गावातून फोन आला. मी उचलला.

"कोण शालन?"

मला काही कळेना. "काय झालं, काका?"

"काय झालं काय? तीस वर्षं झाली, एक नंबरला दूध घालतोय मी. म्हस माझी, वैरण माझी, धार मी काढली, आन् पावती शालनच्या नावाची? कोण ही बाई? हितं लोक हसायलेत मला!"

गावागावात एक नंबर म्हणजे मानाचा. ज्यांच्या जागेत केंद्र आहे ते घर, नाहीतर गावातला वजनदार माणूस. दोन नंबरपासून पुढची यादी ऑफिसच्या सर्व्हरवरून बरोबर उतरली होती. एक नंबरला मात्र माझी आई आधीच बसलेली होती आणि ती उठायला तयार नव्हती. दहा वाजेपर्यंत सहा गावांतून सहा फोन आले. सगळ्या ऑफिसात एकच प्रश्न, शालन कोण? शिपाईसुद्धा चहा देताना विचारत होता.

जनरल मॅनेजर साहेबांनी बोलावलं. अप्पा होते, आम्ही चौघं होतो. साहेब म्हणाले, "ही शालन कोण आहे, कुणाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "माझी आई."

मग साहेबांनी चष्मा काढला. "तुझा करार मार्चपर्यंत आहे ना? मशीनं तयार होऊन आली तर तुमचं काम संपतं. बरोबर? मग हे चुकून झालंय की मुद्दाम?"

आमच्या घरात चोरीचा, लबाडीचा डाग कधी लागला नव्हता. आणि लागणार होता तो आईच्या नावानं. तेवढ्यात अप्पा बोलले.

"सायेब, मुद्दाम करणारा आपल्या आईचं नाव घालत न्हाय. दुसऱ्याच्या आईचं घालतोय."

दाढीवाला फस्सकन हसला. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला, पण चेहरा तसाच ठेवला. "ते ठीक आहे. पण तुमची पद्धत फसली, अप्पा. पुन्हा हातानं करा. दोन महिने लागू देत."

"फसली कुटं?" अप्पा खुर्चीच्या कडेवर सरकले. "सहा गावं, सहा गडी. चूक एकच, त्याच जागी, त्याच अक्षरात. हातानं केलं आसतं तर सहा गावांत सहा तऱ्हा झाल्या आसत्या, आन् त्या हुडकायला सहा एसट्या. विरजण बरोबर लागलंय, सायेब. फकस्त त्यात एक काडी पडली हुती. काडी हितं एकदा काढली की चाळीस ठिकाणची निघाली. मला चूक एकच पायजे, मग ती कितीबी मोठी आसू दे."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आणि उरलेल्या चौतीसमध्ये काही निघालं तर?"

"तर पुन्ना हातानं. आन् मी घरी."

"आणि ही?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "चौतीस तीच बघंल. तिचंबी त्याच्यावरच."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच त्यांना अडवलं. "माझी नोकरी तुम्ही त्या खोक्यांना का बांधलीत, अप्पा?"

"मग कशाला बांधू? माझ्या शब्दाला? माझा शब्द मी हाय तवर. तुझं काम तुझ्याच कामाला बांधल्यालं बरं." आणि दोन पायऱ्या उतरून वळले, "शिरा कशाला ताणतीस? जा, आदी त्या सहा जणांची माफी मागून ये."

मी सहाही गावांना गेले. नाव दुरुस्त करायला दोन मिनिटं लागायची आणि जायला-यायला दिवस. माढ्याकडचे ते काका ओसरीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, शालन माझी आई हाय. चूक माझी हाय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आई काय करती?" "खुरपायला जाती." काकांनी खिशातून ती चुकलेली पावती काढली आणि माझ्या हातात दिली. "मग ही ने तिला. ठेव म्हणावं."

आईनं पावती उलटीसुलटी बघितली. "काय लिवलंय?"

"तुझं नाव. आठ लिटर दूध, फॅट साडेसहा."

आईनं मान डोलावली. "म्हस चांगली हाय की माझी."

इमेज परत तयार करताना अप्पांनी मला शेहेचाळीस पायऱ्या मोठ्यानं म्हणायला लावल्या, आणि खाली हातानं सत्तेचाळिसावी लिहिली. करणारा वेगळा, बघणारा वेगळा. बघायला दाढीवाल्याला बसवलं. त्यानं एकही खोटी खूण होऊ दिली नाही. ज्या कामानं त्याचं काम जाणार होतं, ते त्यानं नीट केलं, हे मला इथं लिहायलाच पाहिजे.

नवी इमेज भरलेली डिस्क घेऊन पुण्याला मला एकटीला पाठवलं. अप्पांना चला म्हटलं तर म्हणाले, "मी आलो तर माझं डोकं चालंल. तुझं झोपंल." एक नियम तेवढा दिला. बंद झालेल्या खोक्यांतलं दहातलं एक उघडायचं, कुठलं ते विक्रेत्याला आधी सांगायचं नाही.

पुण्याबाहेर महामार्गाला लागून त्यांचं गोडाऊन होतं. दोन दिवस मी त्यांना इमेज घालताना बघितलं, रात्री मावशीकडं हडपसरला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर चौतीस खोकी चिकटपट्टी लावून तयार आणि गाडी दाराला लागलेली. गोडाऊनचा सुपरवायझर खुशीत होता. "झालं ताई. सह्या करा."

"कुणी बघितलं?" माझ्या तोंडून आपोआप निघालं.

मी एक खोकं उघडायला लावलं. बरोबर होतं. दुसरंही बरोबर. तिसरं ढिगाच्या मागच्या बाजूचं काढलं, मशीन सुरू केलं, एक नंबर टाकला. स्क्रीनवर आलं, शालन दगडू.

आईचं नाव बघून घाबरायची पाळी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या वेळची जुनी डिस्क त्यांच्याच कपाटात राहिली होती, आणि मी आदल्या संध्याकाळी निघून गेल्यावर त्यांच्या माणसानं उरलेल्या मशीनांना तीच लावली होती. सुपरवायझर म्हणाला, "एवढंच ना? तिथं गेल्यावर एक नाव पुसायचं. दोन मिनिटांचं काम आहे, ताई."

"दोन मिनिटांचं काम करायला करमाळ्याला जावं लागतंय. सगळी खोकी फोडा."

"सगळी? अहो, गाडी लागलीये!"

"लागू द्या."

"परत पॅक कोण करणार?"

"मी करू लागते की. पट्टी कुठाय?"

तो चिडला, पण फोडली. चौतीसमधली अकरा जुनी निघाली. मी बाहेर येऊन अप्पांना फोन लावला.

"किती?" त्यांनी एवढंच विचारलं. काय झालं ते मी सांगायच्या आधीच.

"अकरा. पण आता गाडी उद्याच निघंल, अप्पा."

"निघू दे की उद्या. दूध हाय का त्यात नासायला?"

अकरा मशीनं पुसून नवी इमेज घातली. संध्याकाळी मी चौतीसच्या चौतीस परत सुरू करून बघितली, एकेकावर एक नंबर टाकून. दहातलं एक हा अप्पांचा नियम मी तिथं मोडला. जुनी डिस्क मागून घेतली आणि पिशवीत टाकली. मग अप्पांना फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून आलं, "हं."

गाडी मोहोळ, माढा, बार्शी, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशी फिरली. चौतीस केंद्रं पाच दिवसांत सुरू झाली. केंद्रवाल्यांनी स्वतः वायरी लावल्या. सोलापुरातून एकाही केंद्रावर माणूस पाठवावा लागला नाही, आणि एकाही गावातून चुकीच्या पावतीचा फोन आला नाही. त्या वर्षापासून डेअरीचं प्रत्येक नवं मशीन तयार होऊनच येतं.

आमच्या चौघांतला दाढीवाला पुण्याला चांगल्या कंपनीत लागला. एकीला संकलन विभागात घेतलं. एकाचा करार वाढला नाही, आणि ते मला आजही बरं वाटत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. मी ते अप्पांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, माझ्याकडे परत दिलं आणि कामाला लागले.

आमच्या घरातली ती पहिली कायम नोकरी.